स्वभावाचा प्रकार बदलतो की मोजपट्टी?

अंधेरीच्या एका ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. वय २४. ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी तिला व्यक्तिमत्त्व चाचणी देतात आणि निकालात चार इंग्रजी अक्षरं हातात पडतात. पहिलं अक्षर सांगतं, तुम्ही अंतर्मुख. दहा वर्षांनी ती बारा जणांची टीम सांभाळत असते. नवी कंपनी तीच चाचणी पुन्हा देते आणि आता पहिलं अक्षर सांगतं, तुम्ही बहिर्मुख. घरी आई म्हणते, ‘स्वभावाला औषध नसतं गं, लहानपणी होतीस तश्शीच आहेस.’ ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी म्हणतात, ही तर ओळखू येत नाही.

दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. आपण ‘बदल’ हा एकच शब्द निदान चार गोष्टींसाठी वापरतो: मोजण्यातली चूक, भूमिकेमुळे अंगवळणी पडलेलं वागणं, स्वभावात संथपणे होणारा खरा बदल, आणि आजार. यातलं आपल्यासमोर नेमकं काय आहे, हे ओळखता आलं की निम्मा गोंधळ संपतो.

माणसांचे प्रकार पाडणं आपल्याला नवं नाही. आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांची प्रकृती जन्मापासून ठरलेली आणि आयुष्यभर टिकणारी मानतात. परिस्थितीने, आहाराने, ऋतूने जो बिघाड होतो त्याला वेगळं नाव आहे, विकृती. त्रिदोष मानणं न मानणं हा वेगळा विषय. पण टिकणारं आणि तात्पुरतं यांना दोन वेगळी नावं देण्यातलं शहाणपण मोठं आहे, आणि आजच्या चार अक्षरांच्या निकालात नेमकं तेच हरवतं.

या अक्षरांचं मूळ स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या जर्मन ग्रंथात आहे. माणसाचा कल आत वळलेला की बाहेर, तो विचाराने तोलतो की भावनेने, समोर दिसतं त्यावर विसंबतो की आतून सुचतं त्यावर, अशी मांडणी त्यांनी केली. हा कल बहुतांशी जन्मजात असतो, असं युंग मानत. मुलाला त्याच्या कलाच्या उलट दिशेने रेटलं तर ते पुढे मनाने आजारी पडू शकतं, असा इशाराही त्यांनी दिला होता. पण आयुष्याच्या उत्तरार्धात, तोवर मागे राहिलेली बाजू डोकं वर काढते, हेही त्यांचंच म्हणणं. म्हणजे खुद्द युंगच्या मांडणीत प्रकार ही काही कुलूपबंद खोली नव्हती. आत आणि बाहेर यांच्या मध्ये असलेल्या माणसांचीच संख्या सर्वांत मोठी आहे, हेसुद्धा त्यांनी नोंदवून ठेवलं होतं.

अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या विचारांवरून प्रश्नावली तयार केली आणि चौथी जोडी स्वतः घातली: आखून जगणारे आणि मोकळं सोडून जगणारे. चार जोड्या, प्रत्येकीत दोन पर्याय, म्हणून १६ प्रकार. हीच एमबीटीआय, म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, चार अक्षरांचा निकाल देणारी चाचणी. या पंथाची भूमिका अशी की प्रकार बदलत नाही. दुसऱ्यांदा वेगळा निकाल आला तर पहिल्यांदा किंवा आत्ता तुमचा खरा प्रकार नीट ओळखला गेला नाही, इतकंच. या उत्तराची अडचण सरळ आहे. कितीही बदल दिसला तरी ते चुकीचं ठरूच शकत नाही, आणि जे चुकीचं ठरू शकत नाही ते तपासताही येत नाही.

आता मोजपट्टीकडे वळू. मुंबईतली एक रेघ घ्या: रिक्षा दक्षिणेकडे वांद्रे आणि सायनच्या पुढे जात नाहीत. माहीमचा माणूस ‘शहरातला’ आणि खाडीपलीकडचा वांद्र्याचा ‘उपनगरातला’. नकाशावर दोघांमध्ये एक खाडी. पण माहीम आणि कुलाबा एका खान्यात, वांद्रे आणि दहिसर दुसऱ्या खान्यात. सरकारी कारभाराला ही रेघ सोयीची असेल, पण अंतर सांगायला ती निरुपयोगी आहे. स्वभावप्रकारांची रेघ अशीच पडते, आणि पडते ती नेमकी गर्दीच्या मधोमध. अंतर्मुखतेचे गुण हजारो लोकांचे काढले तर दोन टोकांना दोन ढीग दिसत नाहीत. मधे एकच मोठा ढीग दिसतो, दोन्ही बाजूंना उतरत गेलेला. बहुतेक माणसं रेघेच्या आसपासच उभी असतात. समजा एका जोडीच्या २० प्रश्नांपैकी ११ उत्तरं आत कलली तर तुम्ही अंतर्मुख. पुढच्या खेपेला त्यातली दोन पलटली, रात्री झोप कमी झाली म्हणून किंवा आदल्या दिवशी मीटिंग छान झाली म्हणून, की तुम्ही बहिर्मुख. माणूस दोन पावलं सरकला, पण पत्ता माहीमवरून वांद्र्यावर गेला.

याचा हिशेब कागदावर मांडता येतो. एका अक्षराचा निकाल दुसऱ्यांदा तसाच येण्याची शक्यता ९० टक्के धरा, म्हणजे चांगलीच. चारही अक्षरं तशीच येण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, साधारण ६६ टक्के. एका अक्षराची शक्यता ८५ टक्के असेल तर चारांची ५२ टक्क्यांवर येते. प्रत्यक्षातही असंच दिसतं. काही आठवड्यांच्या अंतराने तीच चाचणी दिली की एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचं निदान एक अक्षर वेगळं येतं. महिन्या-दीड महिन्यात निम्म्या लोकांचा स्वभाव पालटत नाही. पालटते ती रेघेची बाजू. या चाचणीवरून माणूस नोकरीला घ्यायचा की नाही हे ठरवू नये, असं ती चालवणारी संस्थाच सांगते. तरीही बढतीच्या चर्चेत ‘तो अंतर्मुख आहे, क्लायंटसमोर नको’ असं वाक्य येतं तेव्हा त्या माणसाचं खरं नुकसान होतं. मला ही या चाचण्यांची सर्वांत गंभीर बाजू वाटते.

म्हणून संशोधक गेली काही दशकं खाने सोडून पट्ट्यांवर मोजतात. पाच पट्ट्या सर्वमान्य आहेत: नव्याची ओढ, शिस्त आणि चिकाटी, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं, आणि मन किती चटकन अस्वस्थ होतं. प्रत्येक पट्टीवर तुमचा आकडा असतो, अक्षर नसतं. आकडा ४८ वरून ५३ वर गेला तर तो पाचाने गेला असं दिसतं. खान्यात तोच बदल ‘पूर्ण उलटा माणूस’ असा दिसतो. आणि २० वरून ४५ वर गेला तर खान्यात काहीच दिसत नाही, माणसाने एवढी मजल मारूनही. म्हणजे खाना छोट्या बदलाला फुगवतो आणि मोठ्या बदलाला लपवतो.

पट्ट्यांवर आयुष्यभर पाहिलं की प्रश्न दोन होतात आणि त्यांची उत्तरं वेगळी येतात. शाळेच्या एकाच तुकडीतली मुलं २५ वर्षांनी दादरला हॉलमध्ये जमली आहेत असं समजा. पहिला प्रश्न: तेव्हा सर्वांत बडबडी होती ती आजही बाकीच्यांपेक्षा बडबडीच आहे का? हा क्रमाचा प्रश्न. दुसरा: सगळी तुकडीच पूर्वीपेक्षा शांत झाली का? हा सरासरीचा प्रश्न. क्रम जसाच्या तसा राहूनही सगळेच्या सगळे सरकू शकतात. आई क्रमाकडे बघत असते, मैत्रिणी सरकण्याकडे.

क्रमाबद्दल रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र मांडले. काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजमापांमधला मेळ १ असेल तर क्रम तंतोतंत तोच, शून्य असेल तर काही संबंधच नाही. बालपणी हा मेळ ०.३१ निघाला, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४, आणि पन्नाशी ते सत्तरी या काळात ०.७४ च्या आसपास. स्वभाव वयाबरोबर घट्ट होत जातो, पण सिमेंट कधीच होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली लिहिलं होतं की बहुतेकांचा स्वभाव तिशीत प्लास्टरसारखा घट्ट होतो आणि पुन्हा मऊ होत नाही. पुढे शंभर वर्षं हे वाक्य सगळीकडे फिरलं. आकडे सांगतात की तिशी हा घट्ट होण्याच्या वाटेवरचा मधला टप्पा आहे.

सरासरीचं उत्तर जास्त दिलासा देणारं आहे. २००६ साली ९२ गटांच्या दीर्घकालीन नोंदी एकत्र केल्या गेल्या. शिस्त वाढते, मनाची अस्वस्थता कमी होते, आणि या बदलाचा मोठा भाग २० ते ४० या वयात घडतो. लहानपणी नाही, म्हातारपणीही नाही. नव्याची ओढ तारुण्यात वाढते आणि साठीनंतर उतरते. बहिर्मुखतेत मात्र एक गाठ आहे, आणि आपल्या अंधेरीच्या मुलीचं कोडं तिथेच सुटतं. या पट्टीत दोन धागे गुंतलेले असतात. एक पुढाकाराचा: मीटिंगमध्ये बोलणं, निर्णय सांगणं, नाही म्हणता येणं. तो विशी-तिशीत वाढतो. दुसरा गर्दीच्या हौसेचा: पार्टी, कल्ला, सतत माणसं हवीशी वाटणं. तो वयाबरोबर किंचित उतरतो. चाचणीत पुढाकाराचे प्रश्न जास्त असतील तर ३४ व्या वर्षी ती बहिर्मुख निघेल. गर्दीचे प्रश्न जास्त असतील तर तीच मुलगी पहिल्यापेक्षा अंतर्मुख निघेल. शनिवारी संध्याकाळी तिला घरी एकटीने बसायला आवडतं ही तिची खरी गोष्ट, आणि सोमवारी ती बारा माणसांसमोर ठामपणे बोलते हीसुद्धा तिचीच.

हा बदल येतो कुठून? काही भाग आतून: जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक धरला जातो. उरलेला आयुष्यातून. २०१३ साली ६२ देशांतल्या १६ ते ४० वयाच्या सुमारे ८ लाख ८४ हजार लोकांची तुलना झाली. ज्या देशांत तरुण लवकर कमावते होतात तिथे ही ‘पोक्त होण्याची’ चढण लवकर सुरू होते, असं दिसलं. लग्न किंवा मूल लवकर होण्याचा इतका स्पष्ट परिणाम दिसला नाही, नोकरीचा दिसला. रोज ८.१२ ची लोकल पकडायची असेल तर उठावं लागतं. कोणी हिशेब मागणार असेल तर तो ठेवावा लागतो. अशा हजार छोट्या सक्त्यांनी शिस्तीची पट्टी सरकते. बदल उलट दिशेनेही होतो. जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा केलेले तरुण, न केलेल्यांच्या तुलनेत, इतरांशी जुळवून घेण्यात मागे पडलेले दिसले, आणि हा फरक काही वर्षांनीही टिकून होता.

लांब पल्ल्याचा एक अभ्यास सारखा सांगितला जातो आणि बहुतेकदा चुकीचा सांगितला जातो. स्कॉटलंडमध्ये १९५० साली शिक्षकांनी १,२०८ मुलांच्या स्वभावाला गुण दिले होते, मुलं तेव्हा १४ वर्षांची. त्यांतले १७४ जण ७७ व्या वर्षी पुन्हा तपासले गेले. दोन मोजमापांत जवळजवळ काहीच मेळ सापडला नाही. मथळे आले: ‘माणूस पूर्ण बदलतो’. पण पहिल्यांदा गुण शिक्षकांनी दिले होते, दुसऱ्यांदा स्वतः त्या व्यक्तीने आणि तिच्या जवळच्या माणसाने. १,२०८ पैकी १७४ च उरले, आणि त्या वयापर्यंत टिकून परत येणारे सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात. त्रेसष्ट वर्षांत बरंच काही बदलतं एवढं यातून नक्की घ्यावं. शाळेतला द्वाड पोरगा म्हातारपणी साधू होतो, हे यातून घेऊ नये.

मग मुद्दाम बदलता येतं का? येतं, पण मर्यादेत. २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत बहुतेक मानसोपचारांचे होते. उपचारांचा सरासरी काळ २४ आठवडे. बदल ०.३७ प्रमाणित विचलनाइतका. साध्या भाषेत: शंभर जणांच्या रांगेत बरोबर मधोमध, पन्नासाव्या जागी असलेला माणूस साधारण चौसष्टाव्या जागी पोचतो. रांगेच्या टोकाला जात नाही. सर्वांत जास्त हलते ती अस्वस्थतेची पट्टी, मग बहिर्मुखतेची. ‘जित्याची खोड’ मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जात नसेल, पण चौदा जागा सरकते, आणि चौदा जागा म्हणजे घरातल्या माणसांना जाणवण्याइतकं अंतर आहे.

मानसोपचाराशिवायही होतं. २०१९ च्या एका अभ्यासात ३७७ विद्यार्थ्यांनी १५ आठवडे दर आठवड्याला छोटी ठरलेली कामं निवडली. ज्यांनी कामं खरोखर केली त्यांच्या पट्ट्या सरकल्या. ज्यांनी नुसती निवडली आणि केली नाहीत, त्यांना इच्छेचा काही उपयोग झाला नाही. २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये १,५२३ जणांवर मोबाइल ॲपने तीन महिने असाच प्रयोग झाला. बदल झाला, आणि आणखी तीन महिन्यांनीही टिकला.

हे स्वतःवर करून पाहायचं असेल तर सुरुवात मोजण्यापासून करा. आकडा देणारी चाचणी घ्या, अक्षर देणारी नको. आयपीआयपी नावाचा प्रश्नसंच सर्वांसाठी मोफत आहे, त्याची १२० प्रश्नांची आवृत्ती पुरते. काहीही बदलण्याआधी ती दोनदा द्या, पंधरा दिवसांच्या अंतराने, दिवसाच्या त्याच वेळी, अप्रेझलच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात नाही. दोन आकड्यांत जो फरक पडेल तो तुमच्या मोजपट्टीचा थरथराट. पुढे त्याहून जास्त फरक दिसला तरच त्याला बदल म्हणायचं. तीच प्रश्नावली तुमच्याबद्दल भरून द्यायला एका घरच्या आणि एका कामावरच्या माणसाला सांगा. उत्तरं देताना ‘मी कसा असायला हवा’ हे मनात येतंच, म्हणून प्रत्येक प्रश्नाला गेल्या महिन्याभरातला एखादा प्रसंग आठवून मगच खूण करा. ज्यांना आपली चार अक्षरं आधीच पाठ असतात ते नकळत त्या अक्षरांना शोभेल असंच उत्तर देतात. त्यांच्यासाठी ही प्रसंग आठवण्याची सवय सक्तीचीच समजा.

मग एकच पट्टी निवडा. दर आठवड्याला दोन-तीन कामं, इतकी लहान की टाळायला लाज वाटावी, आणि प्रत्येकाला वेळ-जागा बांधलेली. ‘आत्मविश्वास वाढवायचा’ हे काम नाही. ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा’ हे काम आहे. शिस्तीसाठी: रात्री डबा घासून झाला की लगेच उद्याची बॅग भरून दाराशी ठेवायची. अस्वस्थतेसाठी: गाडीत चढल्यावर, बसायला मिळो न मिळो, मोबाइल काढण्याआधी पाच मिनिटं श्वास मोजायचा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काम सोपं वाटायला लागलं की किंचित कठीण करायचं. बरेच प्रयत्न मध्येच मोडतात, कारण वागणं बदललेलं असतं पण आतून अजून नाटक केल्यासारखं वाटत असतं. हे नाटक वाटणं म्हणजे भूमिका आणि स्वभाव यांच्यामधली जागा. तिथून पुढे जायला तेच वागणं पुरेसे दिवस करावं लागतं. नंतर ते मोडणंच परकं वाटतं. दुसरं मोडण्याचं कारण: निवडलेली पट्टी दुसऱ्याच्या इच्छेची असते. सासूला किंवा साहेबाला हवी म्हणून घेतलेली बहिर्मुखता पंधरा आठवडे टिकत नाही. शिवाय तिच्यात युंगने सांगितलेला धोका आहेच. पंधराव्या आठवड्यानंतर पुन्हा मोजा, तीन महिने काहीच न करता पुन्हा एकदा मोजा. या शेवटच्या मोजणीत जे उरलं ते तुमचं.

एक बदल मात्र यातल्या कशातच बसवू नये. स्वभाव वर्षांच्या गतीने सरकतो. पन्नाशीतला शांत माणूस काही महिन्यांत उधळपट्टी करू लागला, चारचौघांत लाज सोडून वागू लागला, आपल्या माणसांबद्दल कोरडा झाला, तर तो आजार असू शकतो. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक प्रकारचा स्मृतिभ्रंश असतो, तो बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि त्यात विसरण्याच्या कितीतरी आधी वागणं बिघडतं. घरच्यांना वर्ष-दोन वर्षं वाटतं की हा आता बदललाय, आणि भांडणं होत राहतात. हसतीखेळती बाई सहा आठवड्यांत गप्प झाली, कशात रस उरला नाही, तर ती ‘अंतर्मुख झाली’ असं नसतं. ते नैराश्य असू शकतं, थायरॉइडही असू शकतं, आणि थायरॉइड साध्या रक्ततपासणीत कळतं. प्रकृती आणि विकृती यांना वेगळी नावं का हवीत ते इथे कळतं. डॉक्टरांकडे जाताना ‘स्वभाव बदलला’ एवढंच सांगू नका. कोणत्या महिन्यापासून, पूर्वी काय करत आणि आता काय करतात याची तीन-चार उदाहरणं, झोप आणि भूक, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, डोक्याला मार लागला असेल तर त्याची तारीख, हे एका कागदावर लिहून न्या. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. कुठे जावं हेच सुचत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करून विचारता येतं.